मामा, कोणता कॉम्प्युटर घेऊ?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो लग्नसमारंभांचे फोटो काढतो. आजवर एडिटिंगचे काम बाहेर देत होता, आता ते घरीच करायचे म्हणतो. "मामा, कोणता कॉम्प्युटर घेऊ? ॲपलचा की विंडोजचा? प्रोसेसर कुठला चांगला?" असे त्याने एका दमात विचारून टाकले.

हा प्रश्न मी वीस-पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. त्यातली यंत्रांची नावे आणि आकडे तेवढे बदलतात. तालुक्याच्या गावी आमचा फोटो स्टुडिओ होता. तिथे मीही एकदा हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर चुकलो. त्या चुकीबद्दल शेवटी सांगेन. आधी या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहू. यंत्रे दर तीन-चार वर्षांनी जुनी होतात, पण माणसे ती निवडताना कुठे फसतात, हे मात्र फारसे बदललेले नाही.

मी स्टुडिओत काम शिकायला लागलो तेव्हा रिटचिंग म्हणजे पेन्सिल. तिरक्या मेजात बसवलेली दुधी काच, तिच्यामागून येणारा उजेड आणि काचेवर निगेटिव्ह. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. त्या जागी अणकुचीदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरायचे, की छापलेल्या फोटोत तो डाग उजळतो. जास्त उजळ भाग गडद करायचा असेल तर धारदार पात्याने निगेटिव्हचा थर हलकेच खरवडायचा. पाते जरा जास्त फिरले की संपले, निगेटिव्ह वाया. काम झाले की निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून, वर नंबर टाकून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हा डबा लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या स्टुडिओंत फोटोवर हाताने रंग भरणारे कारागीरही असत. पण या सगळ्या काळात "कोणते यंत्र घेऊ?" हा प्रश्न रिटचिंग करणाऱ्याला पडला नव्हता. नजर, हात आणि उजेड एवढेच त्याचे भांडवल.

यंत्र या कामात शिरले १९५७ साली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श नावाचा अभियंता होता. संस्थेकडे 'सीॲक' नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता. या यंत्राला चित्र दाखवता येईल का, असा प्रश्न कर्शला पडला. त्याने फिरत्या नळकांड्यावर फोटो लावून तो कणाकणाने वाचणारे उपकरण तयार केले आणि त्यावर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो चढवला. फोटो जेमतेम पाच सेंटिमीटर चौरस. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके केले, म्हणजे एकूण ३०,९७६. आज आपण ज्याला पिक्सेल म्हणतो ते हेच. संगणकात उतरलेले हे पहिले छायाचित्र.

ठिपके १७६ च का? कारण त्याहून जास्त त्या यंत्राच्या मेमरीत मावत नव्हते. त्या काळी मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्या, आणि त्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरी. यंत्राला कळे ते फक्त काळे आणि पांढरे. म्हणून कर्शने एकाच फोटोचे वेगवेगळ्या उजेडपातळीवर अनेकदा वाचन केले आणि ती वाचने एकावर एक ठेवून मधल्या करड्या छटा मिळवल्या. यंत्र किती मोठे चित्र पेलू शकते, यावर चित्राचा आकार ठरण्याची सुरुवात इथे झाली.

पुढची वीस-पंचवीस वर्षे असे यंत्र सरकारी प्रयोगशाळा, अवकाशसंस्था आणि मोठे प्रकाशक यांनाच परवडत होते. छपाईच्या धंद्यात इस्राएलच्या 'सायटेक्स' कंपनीच्या यंत्रणा प्रसिद्ध होत्या. त्यांची किंमत लाखो डॉलरच्या घरात. फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून अशाच यंत्रावर दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले. हे बाहेर आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. हजारो वर्षांत जागचे न हललेले पिरॅमिड संगणकाने हलवले होते. फोटोवर किती विश्वास ठेवायचा, हा वाद तिथून जो सुरू झाला तो आजही चालूच आहे.

सामान्य माणसाच्या मेजावर हे काम आले ते दोन भावांमुळे. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी ग्लेन नॉल नावाचे प्राध्यापक राहत. त्यांना फोटोग्राफीचा नाद. घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती आणि घरात एक संगणकही होता. त्यांची मुले थॉमस आणि जॉन या दोन्हींत रमून वाढली. १९८७ साली थॉमस मिशिगन विद्यापीठात संशोधन करत होता. त्याच्याकडे होता 'मॅकिंटॉश प्लस' संगणक. त्याचा पडदा आडवा ५१२ आणि उभा ३४२ ठिपक्यांचा, आणि प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. करडा रंग त्याला दाखवताच येत नव्हता. म्हणून काळे-पांढरे ठिपके कमी-जास्त पेरून करड्या छटेचा भास करणारा छोटासा प्रोग्रॅम थॉमसने लिहिला. जॉन त्या वेळी कॅलिफोर्नियात 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या चित्रपटांतली दृश्यचमत्कृती करणाऱ्या कंपनीत होता. त्याला भावाच्या प्रोग्रॅममधली शक्ती दिसली. पडद्याची उणीव झाकायला लिहिलेल्या त्या प्रोग्रॅममधून, दोघांच्या मेहनतीने, 'फोटोशॉप' जन्मले. अडोबी कंपनीने ते फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले.

ते चालत असे फक्त मॅकिंटॉशवर. म्हणजे १९९० साली "ॲपल की विंडोज?" असा प्रश्नच नव्हता. विंडोजवर फोटोशॉप यायला १९९२-९३ उजाडावे लागले. पण एक प्रश्न तेव्हाही होता. आपल्या स्टुडिओवाल्यांना कळेल असा हिशेब मांडतो. आठ बाय दहा इंचांचा फोटो चांगला छापायचा तर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे २,४०० गुणिले ३,०००, एकूण ७२ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. झाले दोन कोटी सोळा लाख, म्हणजे साधारण २२ मेगाबाइट. पहिल्या फोटोशॉपला चालायला मेमरी लागे दोन मेगाबाइट! आठ बाय दहाचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. मग प्रोग्रॅम काय करी, तर मावेल तेवढा तुकडा मेमरीत ठेवून बाकीचा डिस्कवर उतरवी, आणि लागेल तसा परत आणी. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद. त्यामुळे एक फोटो जरा फिरवायला सांगितला की माणसाने चहा पिऊन यावे. अशा वेळी दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेऊन काय साधणार? स्वयंपाकीण कितीही चपळ असली तरी प्रत्येक चमचा मीठ शेजारच्या घरून आणायचे असेल तर जेवण उशिराच होणार.

म्हणून त्या काळी जाणकारांचा एक ठोकताळा असे: फोटोचा आकार काढा आणि त्याच्या तिप्पट ते पाचपट मेमरी ठेवा. तिप्पट-पाचपट अशासाठी, की आधीची अवस्था परत आणायची तर तीही कुठेतरी साठवावी लागते. सुरुवातीच्या फोटोशॉपमध्ये फक्त शेवटची एक कृती मागे घेता येई. १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत एकावर एक थर ठेवण्याची सोय आली आणि १९९८ साली पाचव्या आवृत्तीत अनेक पावले मागे जाण्याची. चूक सुधारण्याची मुभा वाढत गेली, तशी मेमरीची भूकही वाढत गेली.

इथे एक गैरसमज दूर करतो. कॅमेऱ्याच्या कार्डावर फोटो सात-आठ मेगाबाइटचा दिसतो, म्हणून तो तेवढाच आहे असे लोक धरून चालतात. कार्डावर असतो तो घडी घातलेला फोटो. ही घडी म्हणजे १९९२ सालचे 'जेपेग' हे प्रमाणीकरण. त्याच्या मुळाशी जे गणित आहे ते मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले होते. काम करायला फोटो उघडला की घडी मोडते. आजच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो उघडल्यावर ७२ मेगाबाइटचा होतो, आणि रंगांची जास्त बारीक मोजणी ठेवली तर १४४ चा. वर थर चढवाल तसा आणखी वाढतो.

आता भाच्याचा आवडता प्रश्न: ॲपल की विंडोज? यावर लोक अगदी जन्माच्या शपथा घेतात. इतिहास सांगतो की हे पारडे सारखे हलत राहिले आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे फोटोशॉपसाठी ॲपलशिवाय मार्ग नव्हता. नंतर दोन्हीकडे सारखे झाले. २००६ साली ॲपलने आपल्या संगणकांत इंटेलचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. पण त्यासाठी खास लिहिलेले फोटोशॉप आले २००७ मध्ये. मधल्या काळात नव्या कोऱ्या महागड्या यंत्रावर जुने फोटोशॉप जणू दुभाषामार्फत, अडखळत चाले. मग चार गिगाबाइट मेमरीची भिंत आली. जुन्या ३२ बिटी पद्धतीत एका प्रोग्रॅमला त्यापलीकडे मेमरी वापरताच येत नाही. ही भिंत फोटोशॉपने विंडोजवर २००८ साली ओलांडली, तर ॲपलवर २०१० साली. ती दोन वर्षे मोठे फोटो करणाऱ्यांना विंडोजचे यंत्र सरस होते. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःचे एम-वन प्रोसेसर आणले आणि कमी विजेत भरपूर वेग देऊन पुन्हा बाजी पालटवली. तेव्हा कंपनीच्या नावावर प्रेम जरूर करावे, पण ते पाहून यंत्र घेऊ नये.

आमच्या गावात हे सारे पोहोचले ते २००३-०४ च्या सुमारास. सहा मेगापिक्सेलचे डिजिटल कॅमेरे तेव्हा आवाक्यात येऊ लागले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे असेंबल केलेला पीसी आम्ही घेतला. सगळा जीव प्रोसेसरवर. "जास्तीत जास्त स्पीडवाला द्या," एवढेच मी सांगितले. मॉनिटर मिळेल तो आणि डिस्क एकच.

पहिला फटका मॉनिटरने दिला. एका लग्नातल्या नवरीचा शालू गर्द हिरवा होता. माझ्या पडद्यावर तो फिका दिसला, म्हणून मी रंग चढवला. अल्बम छापून आला तेव्हा शालू काळपट आणि नवरीचा चेहरा तांब्यासारखा. मी लॅबवाल्याशी भांडलो. त्याने शांतपणे तीच फाइल आपल्या पडद्यावर उघडून दाखवली. तिथे ती छापल्यासारखीच दिसत होती. खोटे बोलत होता तो माझा पडदा. हा प्रश्न जगभरचा होता. सगळ्या पडद्यांनी एकच माप पाळावे म्हणून १९९६ साली 'एसआरजीबी' हे रंगांचे प्रमाण ठरवले गेले. तरीही ॲपलचे संगणक आणि विंडोजचे संगणक मधल्या छटा वेगवेगळ्या उजळपणाने दाखवत. एकीकडे नीट दिसणारा फोटो दुसरीकडे काळवंडलेला दिसे. ॲपलने आपले माप बदलून विंडोजशी जुळवले ते २००९ मध्ये. स्वस्तातल्या सपाट पडद्यांची तर आणखी एक खोड, मान जरा खालीवर केली की रंग बदले. पेन्सिलीच्या काळात मास्तर आधी उजेड तपासून मगच कामाला बसायचे. मी मात्र तो उजेडच बाजारातला सगळ्यात स्वस्त घेतला होता.

दुसरा फटका मात्र पैशात मोजण्यासारखा नव्हता. ते साल २००६. तेव्हा आपल्या ग्रामीण भागात लोडशेडिंग किती तास असे, ते आठवत असेल. वीज जाई आणि येताना झटका देऊन येई. यूपीएसची बॅटरी केव्हाच दमलेली, ती बदलण्याचे मी पुढे ढकलत होतो. वैशाखातल्या एका लग्नाचे सगळे फोटो डिस्कवर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न होते म्हणून कॅमेऱ्याची कार्डे पुसली. त्या रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी संगणक सुरू केला तर डिस्कमधून नुसती टकटक ऐकू येत होती. तालुक्याला नेली, शहरात नेली. काहीही परत मिळाले नाही.

मुलीच्या वडिलांना सांगायला मी घरी गेलो. त्या लग्नात मुलीचे आजोबा व्हीलचेअरवर बसून आले होते आणि लग्नानंतर पंधरा दिवसांतच ते गेले होते. मी घेतलेली आगाऊ रक्कम पुढे ठेवली. वडिलांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "पैशाचं काय करू?" एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते. पुढे एका पाहुण्याच्या साध्या रोलच्या कॅमेऱ्यातले दोन फोटो मिळाले. त्यातल्या एकात कोपऱ्यात आजोबा अर्धे दिसतात. मी ती निगेटिव्ह स्कॅन केली, चार दिवस बसून तो चेहरा जमेल तेवढा उजळला आणि मोठा करून दिला. त्यांच्या घरात तो फोटो अजून आहे.

आमच्या पत्र्याच्या डब्यातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या निगेटिव्ह आजही छापता येतात. संगणक आला आणि आम्ही तो डबाच विसरलो. वेगवान यंत्र घेतले, पण त्यात ठेवलेली वस्तू दुसऱ्याची आहे, आणि ती पुन्हा काढता येणार नाही, हा विचार यंत्र निवडताना केलाच नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने पुढे लोकप्रिय केलेला एक साधा नियम आहे: प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मला तो कळायला एक लग्न खर्ची पडले.

आज चित्र पुन्हा पालटले आहे. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आली आणि चहाला जाण्याची सवड संपली. अनेक लॅपटॉपांत, आणि ॲपलच्या नव्या यंत्रांत तर सर्रास, मेमरी नंतर वाढवताच येत नाही. घेताना ठरवाल तीच कायमची. फोटोतला बारीक दाणा काढण्याची जी सोय २०२३ साली लाइटरूममध्ये आली, तिचा भार प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर पडतो. आणि त्याच वर्षी फोटोशॉपमध्ये आलेली, शब्दांत सांगितले की चित्रात नवी वस्तू भरून देणारी सोय तर आपल्या संगणकावर चालतच नाही. ती दूरच्या सर्व्हरवर चालते. तिच्यासाठी घरात महागडे यंत्र घेऊन उपयोग नाही. पिरॅमिड सरकवायला एकेकाळी लाखो डॉलरचे यंत्र लागे, आता एक वाक्य पुरते. म्हणूनच मूळ फोटो न पुसता जपून ठेवण्याचे मोल आणखी वाढले आहे. खरे काय होते, ते दाखवायला तोच एक साक्षीदार उरतो.

तर भाच्याला मी काय सांगितले? म्हटले, "आधी तुझा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि तू एका फोटोवर किती थर चढवतोस, ते सांग. त्यावरून मेमरी काढू. सोळा गिगाबाइटच्या खाली जाऊ नकोस, बत्तीस जमले तर चार-पाच वर्षे बघायला नको. प्रोसेसर मधला चालेल, एसएसडी हवीच. ग्राफिक्स कार्ड दाणे काढण्याचे काम रोज असेल तरच चांगले घे. एसआरजीबीचे सगळे रंग दाखवणारा आणि मान हलवली तरी न बदलणारा मॉनिटर घे आणि तो मापून देणारे उपकरण घे, निदान कुणाकडून आणून महिन्याकाठी लाव. ॲपल की विंडोज, ते तुझ्या हाताला जे वळण आहे त्यावर ठरव. आणि या सगळ्याआधी दोन बाहेरच्या डिस्क आणि एका चांगल्या यूपीएसचे पैसे बाजूला काढून ठेव."

तो म्हणाला, "मामा, एवढं सगळं धरलं तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागेल."

मी म्हटलं, "घे. नवरीला अल्बम दोन दिवस उशिरा मिळाला तर ती चार शब्द बोलेल आणि विसरेल."

परवा त्याचा पुन्हा फोन आला. संगणक अजून घेतलेला नाही, पण दोन डिस्क घेतल्या आहेत. त्यातली एक त्याने त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे ठेवायला दिली आहे. तिने ती कपाटात पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे म्हणे.